मुलांना श्रद्धा शिकविण्याचा अधिकार

लहान मुलांना धर्म शिकवावा की नाही, हा प्रश्न आपल्याकडे सहसा कोणी विचारीत नाही. कारण तो विचारला जाण्यापूर्वीच धर्म शिकवून झालेला असतो. मुलाला शब्द फुटण्याच्या आत त्याचे हात जोडून घेतले जातात. हिंदू घरात तिन्हीसांजेस देवापुढे, मुसलमान घरात नमाजाच्या वेळी बापाच्या शेजारी, ख्रिस्ती घरात क्रूसाची खूण करीत, असे ते मूल आधी कृती शिकते आणि अर्थ त्यास फार उशिरा कळतो. कित्येकांस तो जन्मभर कळत नाही. जी गोष्ट सारेच करतात तिचे समर्थन मागणे आपल्यास विचित्र वाटते. तथापि ज्याला होय किंवा नाही म्हणण्याइतकी समज नाही, त्याच्या मनात आयुष्याचा सर्वांत मोठा विश्वास आपण भरीत असतो. ते करण्याचा आपल्यास काय अधिकार, आणि तो असल्यास त्याची मर्यादा कोणती, ह्याचा विचार विचारी गृहस्थाने एकदा तरी केला पाहिजे.

प्रस्तुत लेखक ख्रिस्ती घरात वाढलेला असून पालघरजवळच्या शिरगावात राहतो. ह्या किनाऱ्यावर हा प्रश्न केवळ पुस्तकी राहत नाही. गावच्या समुद्रकाठी जो जुना किल्ला उभा आहे, तो पोर्तुगीज अमलाचा साक्षी आहे. १७३९ साली तो मराठ्यांकडे आला व त्याच वर्षी वसईही पडली. पोर्तुगीजांचे राज्य गेले, परंतु त्यांच्याबरोबर आलेली श्रद्धा वसईच्या वाड्यावाड्यांतून टिकून राहिली. आरंभी तिच्यामागे राजसत्तेचे बळ होते हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु १७३९ नंतर ती तलवारीने टिकली असे कोणास म्हणता येणार नाही, कारण तलवार उरलीच नव्हती. ती टिकली, कारण आईबापांनी ती घरच्या बोलीत मुलांना शिकविली. म्हणजे एकाच परंपरेच्या इतिहासात सक्तीही आहे आणि मायेने दिलेला वारसाही आहे. ह्या दोहोंतील सीमा कोठे आखावयाची, हाच आपला प्रश्न.

१९९८ साली मुंबईपासून वेगळ्या झालेल्या वसई धर्मप्रांतात आज रविवारी मिस्सा आटोपल्यावर धर्मशिक्षणाचे वर्ग भरतात. तेथे शिकविणारे बहुधा संसारी स्त्रीपुरुषच असतात. कोणी शिक्षिका, कोणी बँकेतील कारकून, कोणी शेतकरी. त्यांच्यापुढे बसलेल्या सात-आठ वर्षांच्या मुलांत बसण्याचा योग प्रस्तुत लेखकास अनेकदा आला आहे. तेव्हा पुढील विवेचन तात्त्विक असले, तरी सतरंजीवरची ती मुले डोळ्यांसमोर ठेवूनच केले आहे.

मुलांना धर्म शिकविण्याविरुद्धचा सर्वांत समर्थ आक्षेप फ्रेंच तत्त्ववेत्ता रूसो ह्याने १७६२ साली ‘एमिल’ ह्या ग्रंथात मांडला. त्याचा कल्पित शिष्य तारुण्यात येईपर्यंत ईश्वराविषयी काहीच ऐकत नाही. रूसोचे म्हणणे असे की, जे समजण्याची शक्ती नाही ते शिकविले म्हणजे मूल केवळ शब्द गिळते, आणि तिच्या जागी एखादी वेडगळ मूर्तिकल्पना मनात कायमची बसते. हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. देव म्हणजे आकाशात बसलेला दाढीवाला पंतोजी, अशी समजूत घेऊन वाढलेली आणि पंचविशीत ती समजूत ढासळली तेव्हा तिच्याबरोबर सारेच टाकून देणारी माणसे कोणी पाहिली नाहीत?

परंतु रूसोच्या योजनेतील दोष उघड आहे. मुलाचे मन कोरे ठेवता येत नाही. आपण काही न शिकविले, तरी घरात कशाला मान आहे, कोणासाठी उठून उभे राहतात, पैशाचे नाव काढताच आवाज कसा बदलतो, हे ते पाहतच असते आणि त्यावरून जगात पूज्य काय हे ठरवीत असते. म्हणूनच पुष्कळ लोक श्रद्धेची तुलना मातृभाषेशी करतात. मूल मोठे झाल्यावर आपली भाषा निवडील म्हणून कोणी आई त्याच्याशी मुकी राहत नाही. तशी ती राहिली, तर मूल स्वतंत्र होण्याऐवजी मुके होईल. ही तुलना समर्पक असली तरी अर्धीच आहे. भाषा आपल्यावर सत्याचा हक्क सांगत नाही. मराठी शिकलेल्या मुलास कानडी खोटी आहे असे मानावे लागत नाही. श्रद्धा मात्र सांगते की, हे असे आहे. म्हणून ती देणाऱ्यावर भाषा देणाऱ्यापेक्षा अधिक जबाबदारी येते.

ती जबाबदारी विसरली म्हणजे काय होते ह्याची उदाहरणे आपल्याच इतिहासात आहेत. गोव्यात १५५९ साली पोर्तुगीज राजाच्या नावाने असा हुकूम निघाला की, मातापिता व आजा-आजी नसलेली हिंदू मुले ताब्यात घेऊन त्यांना ख्रिस्ती धर्मात वाढवावे. त्या हुकमामागे मुलांच्या आत्म्याचे कल्याण हीच भावना होती, असे तो काढणारे प्रामाणिकपणे मानीत असतील. पण चुलता, मामा, शेजारी ह्यांच्या मांडीवरून उचललेल्या मुलास ते कल्याण कसे दिसले असेल ह्याचा विचार कोणी केला नाही. पुढे १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री ह्याने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हा अल्पवयी मुलगाही मिशनरींच्या घरी राहावयास गेला. बापाने न्यायालयात दाद मागितली व मुलगा त्याच्या स्वाधीन झाला. मग नवा वाद उपस्थित झाला की, बाटलेल्या ह्या मुलास ज्ञातीत परत घ्यावे की नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्यास परत घ्यावे म्हणून खटपट केली, आणि त्याबद्दल सनातनी मंडळींचा रोष पत्करला. जांभेकरांच्या धैर्यास आपण नमस्कारच केला पाहिजे. तथापि त्या साऱ्या प्रकरणाकडे पाहताना एक गोष्ट मनास बोचते. मिशनरी म्हणत मुलगा आमचा, बाप म्हणे माझा, ज्ञाती म्हणे आता कोणाचाच नाही. तो मुलगा हा वादाचा विषय होता; पण त्या वादात प्रश्न विचारण्याचा अधिकार असलेला एक मनुष्य म्हणून त्याची गणना झाली नाही.

आता कायद्याने बरीच सुधारणा केली आहे. आपल्या राज्यघटनेच्या २८व्या कलमाप्रमाणे शासनमान्य किंवा अनुदानित शाळेत कोणासही धार्मिक शिक्षणास बसविण्याची सक्ती करता येत नाही. मूल अल्पवयी असल्यास पालकाची संमती लागते. १९८९च्या आंतरराष्ट्रीय बालहक्क करारात, ज्यास भारताने १९९२ साली मान्यता दिली, मुलाला स्वतःची सदसद्विवेकबुद्धी व धर्मस्वातंत्र्य आहे असे मान्य करून, त्याच्या वाढत्या समजुतीस जुळेल असे मार्गदर्शन करण्याचा हक्क पालकांस दिला आहे. हे योग्यच झाले. परंतु कायदा उंबरठ्यापर्यंत येऊन थांबतो. परक्याच्या सक्तीपासून तो मुलाला वाचवील. आईबापांच्या सक्तीपासून कोण वाचविणार? मायेच्या माणसांनी केलेली सक्ती ओळखू येणे तर अधिकच कठीण. तेव्हा कसोटी हवी ती घरातली.

ती कसोटी शोधण्यासाठी धर्म शिकविण्याची जुनी पद्धतच जरा निरखून पाहू. ख्रिस्ती धर्मशिक्षण अनेक शतके प्रश्नोत्तरांनी चालत आले आहे. फादर थॉमस स्टीफन्स, ज्यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले, त्यांची कोकणीतील प्रश्नोत्तरी त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ साली रायतूर येथे प्रसिद्ध झाली. अशा पुस्तकांच्या सामान्य रिवाजात गुरू प्रश्न विचारतो व शिष्य पाठ केलेले उत्तर देतो. वरवर पाहता हा संवाद. वस्तुतः दोन्ही वाक्ये गुरूचीच. अशाच एका पोर्तुगीज प्रश्नोत्तरीचे सोळाव्या शतकाच्या अखेरीस जपानात भाषांतर झाले, तेव्हा तेथील पाद्रींनी एक मार्मिक फेरफार केला. त्यांनी भूमिका उलट केल्या. शिष्य विचारतो आणि गुरू उत्तर देतो. शब्द पुष्कळसे तेच राहिले, पण घरातील हवा बदलली. कारण विचारणाऱ्याच्या हाती थोडी सत्ता येते आणि उत्तर देणाऱ्याच्या कपाळी थोडा घाम.

माझ्या मते कसोटी हीच आहे. जी शिकवण मुलाला देताना, त्याच शिकवणुकीच्या आधारे आपल्यास जाब विचारण्याचा अधिकारही आपण त्याला देतो, तो संस्कार. जी देताना तो अधिकार आपण राखून ठेवतो, ती सक्ती. मग ती कितीही गोड आवाजात केलेली असो.

शुभवर्तमानातील एक प्रसंग सर्वपरिचित आहे. आपल्यात श्रेष्ठ कोण, ह्यावरून शिष्यांत वाद चालला असता येशूने एका बालकाला त्यांच्या मधोमध उभे केले आणि ह्याच्यासारखे झाल्यावाचून स्वर्गराज्यात प्रवेश नाही, असा अभिप्राय दिला. ह्यावर बालकांच्या निष्पापतेची गोड प्रवचने आपण पुष्कळ ऐकली आहेत. परंतु ज्याने दोन भावंडांत एक हापूस वाटून दिला आहे, तो मुलांच्या निष्पापतेची ग्वाही देणार नाही. मुले हट्टी असतात, मत्सरी असतात, प्रसंगी निर्दयही होतात. मग त्यांच्यात घेण्यासारखे काय? मला दोन गोष्टी दिसतात. पहिली, मूल मागताना लाजत नाही. आपण परावलंबी आहोत हे त्याला ठाऊक असते. दुसरी, ते शब्दाला त्याची पूर्ण किंमत देते. ‘सर्व’ म्हटले की त्याच्या मते सर्व. प्रौढांच्या व्यवहारात ह्या शब्दाचा अर्थ ‘आपल्यापैकी सर्व’ असा असतो, हे त्याला अजून कोणी समजावून दिलेले नसते. शिवाय त्या काळच्या समाजात बालकास काहीच प्रतिष्ठा नव्हती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यास मधोमध उभे करण्याचा अर्थ अधिक खोल होतो. जेथे गुरूने बसावयाचे, तेथे त्याला जागा दिली.

एक अनुभव सांगतो. आमच्या घरातील सात वर्षांच्या एका मुलीस प्रभूची प्रार्थना शिकविली जात होती. तीत रोजच्या भाकरीची याचना आहे, आणि ती ‘आमची’ भाकर म्हणून आहे. मुलीने विचारले, “आजोबा, आमची म्हणजे कोणाची?” मी सांगितले, “सगळ्यांची, बाळ.” ती म्हणाली, “भट्टीवरच्या पोरांची पण? मग ती आपल्याकडे जेवायला का येत नाहीत?” आमच्या भागात दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्याकडची आदिवासी कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामास येतात आणि पावसाच्या तोंडावर परत जातात, त्यांची मुले रस्त्याच्या कडेला खेळताना तिला रोज दिसत. घरातले सारे हसले. लहान मुलाच्या प्रश्नाला हसणे ही मोठ्यांची फार जुनी पळवाट आहे. पण मुलीने प्रश्न सोडला नाही, आणि त्या वर्षीच्या नाताळात भट्टीवरची पाच मुले आमच्या पंक्तीस बसली. ह्याने वीटभट्टीचा प्रश्न सुटला, असे मी म्हणत नाही. मजुरी होती तीच राहिली, उचल फेडता फेडता वर्ष सरावयाचे ते सरलेच, आणि पावसाळ्यापूर्वी ती मुले शाळेचे तोंड न पाहता परत गेली. मुलीचा पुढचा प्रश्नही तयार होता: “नाताळ नसेल तेव्हा?” ह्याचे पुरते उत्तर आमच्यापाशी अद्याप नाही. पण ती प्रार्थना मी पन्नास वर्षे म्हणत आलो आहे, आणि तिच्यातील त्या एका शब्दाचा अर्थ मला सात वर्षांच्या शिष्येने शिकविला, हे सांगण्यात मला संकोच वाटत नाही.

ह्याची उलट बाजू पाहावयाची असल्यास इंग्रज समीक्षक एडमंड गॉस ह्याचे १९०७ साली प्रसिद्ध झालेले ‘फादर अँड सन’ हे आत्मकथन वाचावे. गॉसचे वडील मोठे प्राणिशास्त्रज्ञ आणि कडवे धर्मनिष्ठ. लाकूड-दगडाची पूजा केल्यास देव कोपतो, असे त्यांनी मुलास सांगितले. मुलाने एके दिवशी घरातील खुर्ची उचलून टेबलावर ठेवली, तिच्यापुढे गुडघे टेकले आणि तिची प्रार्थना केली. काहीच घडले नाही. ह्यावरून त्याने देव नाही असा निष्कर्ष काढला नाही; देवाच्या मनातले वडिलांस कळते, हे खरे नसावे, एवढाच काढला. किती नेमके अनुमान! देवाच्या नावाने आपण जो अवाजवी शब्द देतो, त्याची परीक्षा मूल केव्हा ना केव्हा घेणारच. तेव्हा अपुरे उत्तर मुलास सहन होते, खोटे उत्तर होत नाही. ‘हे मलाही ठाऊक नाही, पण माझा विश्वास आहे’, असे म्हणणारा बाप मुलाच्या नजरेत लहान होत नाही. जो सर्व काही जाणतो, तोच पुढे होतो.

शिवाय आपण तोंडाने काय शिकवितो, ह्यापेक्षा मूल आपल्या हातांकडे अधिक पाहते. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रां’च्या आरंभी आपल्या वडिलांच्या सोवळ्याओवळ्याच्या अतिरेकाचे जे वर्णन केले आहे, ते मराठी वाचकास नव्याने सांगावयास नको. त्या घरातील मुलांना धर्म म्हणजे काय हे कोणी प्रवचनातून सांगितले नसेल. काय काय धुतले जाते, ह्यावरूनच ते त्यांना कळले. आणि हेही ध्यानात घ्यावे की, ज्या ना. वा. टिळकांना आपण फुलांमुलांचे कवी म्हणतो, त्यांनी ‘बालबोधमेवा’ ह्या १८७३ साली निघालेल्या मुलांच्या मासिकाचे संपादन केले होते. धर्मांतराच्या वादळातून गेलेला तो मनुष्य मुलांशी बोलताना वाद घालीत नाही. त्यांच्या शेजारी बसून फूल पाहतो.

रोमन कॅथलिक पंथातही ह्या दिशेने एक महत्त्वाचे पाऊल पडले. दहाव्या पायस ह्या पोपने १९१० साली असा निर्णय दिला की, मुलांना पहिले कम्युनियन देण्यासाठी त्यांच्या बाराव्या-चौदाव्या वर्षापर्यंत थांबू नये. सुमारे सातव्या वर्षी समज येते, आणि नेहमीची भाकर व ही भाकर ह्यांत भेद आहे एवढे मुलास कळले म्हणजे पुरे. ज्ञानाची अट कमी केली आणि मुलाच्या समजुतीवर विश्वास टाकला. त्यानंतर काही वर्षांनी मारिया माँटेसरीबाईंनी बार्सिलोना येथे मुलांसाठी जे धर्मशिक्षण योजिले, त्यात मुले स्वतः गहू पेरीत व द्राक्षवेली जोपाशीत. वेदीवर जे जावयाचे ते आपल्या श्रमातून कसे येते, हे त्यांना मातीत हात घालून कळे. आमच्या भाताच्या खाचरांच्या मुलखात हीच गोष्ट आवणीच्या दिवसांत शिकविता येईल.

आमच्याच जिल्ह्यात ताराबाई मोडक व अनुताई वाघ ह्यांनी १९४५ साली बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर बालशिक्षणाचे जे कार्य केले, त्याचा धर्मशिक्षणाशी संबंध नव्हता. परंतु मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात जावी, गुरांमागे जाणाऱ्यांसाठी ती कुरणात भरावी, हा त्यांचा विचार धर्म शिकविणाऱ्यानेही शिरोधार्य मानावा असा आहे. मुलाने आपल्याकडे चढून यावे, ही अपेक्षा त्यांनी टाकून दिली आणि आपणच खाली उतरून त्याच्या अंगणात गेल्या.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. मुलांपासून शिकणे वेगळे आणि मुलांचा उपयोग करून घेणे वेगळे. संत फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यास आले, तेव्हा हातात घंटा घेऊन रस्त्यांतून फिरत व मुलांना गोळा करून धर्म शिकवीत. त्यांच्या त्यागाविषयी कोणास शंका नाही. परंतु पुढे मासेमारीच्या किनाऱ्यावर त्यांनी मुलांना घरोघर पाठविले, आणि ती मुले आईबापांच्या मूर्तिपूजेविरुद्ध उठतात ह्याबद्दल आपल्या पत्रांतून समाधान व्यक्त केले. येथे जाब विचारणारे मूल आहे खरे. पण ते शिकविणाऱ्याला जाब विचारीत नाही, शिकविणाऱ्याच्या वतीने दुसऱ्यांस विचारते. आपल्या लढाईत मुलाला शिपाई करणे हे कोणत्याही धर्माला शोभत नाही, आणि आजही सर्व धर्मांतील उत्साही मंडळींनी हे ध्यानात ठेवावे.

कोणी म्हणेल, हे सारे मुलांचे फाजील कौतुक झाले. मुलाच्या प्रश्नांवर परंपरा कशी उभी राहील? हा आक्षेप अंशतः खरा आहे. मूल प्रश्न विचारू शकते ते त्याला प्रार्थना शिकविली म्हणूनच. ‘आमची’ हा शब्द त्या मुलीस कोणी दिलाच नसता, तर तो ती आमच्यावर उगारू शकली नसती. परंपरेवाचून प्रश्न पोकळ राहतो आणि प्रश्नावाचून परंपरा कुजते. मार्टिन ल्यूथरने स्वतः लहानांसाठी प्रश्नोत्तरी लिहिली आणि एवढा मोठा पंडित असूनही आपण रोज सकाळी लहान मुलासारखी तीच म्हणतो, असे सांगितले. शिकविणाऱ्याने विद्यार्थी राहणे ह्यात परंपरेचा अपमान नाही. तिच्या जिवंतपणाची ती खूण आहे.

शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड. जाब विचारण्याचा अधिकार दिलेले मूल मोठे होऊन श्रद्धाच टाकून गेले तर? असे घडते, आणि ते ज्या घरात घडते त्या आईबापांचे दुःख खोटे नसते. परंतु हा धोका पत्करल्यावाचून श्रद्धा देताच येत नाही. नाही म्हणण्याची मोकळीक नसलेल्या माणसाचे होय कोणाच्या कामाचे? सक्तीने राखलेले मूल देवळात येते, गुडघे टेकते आणि मनाने कधीच दूर गेलेले असते. आपल्यास ते कळत नाही एवढेच. उलट जे मूल आपल्याला विचारून, भांडून, प्रामाणिकपणे दूर जाते, त्याने आपल्या शिकवणुकीतील एक गोष्ट तरी पक्की घेतलेली असते की, सत्याशी खोटे वागू नये. त्याच्याशी घराचे दार बंद करणारा बाप त्याच्यापेक्षा श्रद्धेपासून अधिक दूर गेला, असे मला वाटते.

तेव्हा मुलांना श्रद्धा शिकविण्याचा अधिकार आईबापांस आहे. परंतु तो मालकाचा अधिकार नव्हे, विश्वस्ताचा आहे. विश्वस्ताने हिशेब द्यावयाचा असतो. पुढील रविवारी आपल्या मुलास प्रार्थनेचा एखादा शब्द समजावून देताना प्रत्येक वडीलधाऱ्याने एवढे मनाशी ठरवावे की, ह्या शब्दाचा हिशेब उद्या हेच मूल मागेल, आणि तो मागण्याचा त्यास हक्क आहे.